बोर्डाच्या घरातला शेजारी: तुमचे अनुभव लिहा

आधी माझाच लिहिते. बेळगावात हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत आमचं खालचं घर. वरचं ज्यांना मंजूर झालं ते राहतात गोव्यात. घरात पाच पोरं भाड्यानं ठेवलेली. रात्री एकपर्यंत स्पीकर, आणि त्यांच्या मोरीचं पाणी थेट आमच्या देव्हाऱ्यावर. सासूबाई देवांवर प्लॅस्टिकचा कागद टाकून पूजा करायच्या.

मराठीतला अर्ज नेला तर "कन्नडात आणा". बाहेरच्या टायपिंगवाल्याकडून करून आणला तर "हे तुमचं आपसातलं, पोलिसात जा". पोलिस म्हणाले, बोर्डात जा. चार महिने हेच.

मग भावानं दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाकला. भाडेकरू कोण, मालक कोण, असलं काही विचारलं नाही. खासगी माहिती म्हणून ते हमखास नाकारतात. फक्त त्या घराच्या वाटपाच्या अटींची नक्कल मागितली. 30 दिवसांची मुदत असते, 28 व्या दिवशी आली. त्यात स्पष्ट होतं, परवानगीशिवाय घर भाड्यानं देता येणार नाही. पुढच्या अर्जात आम्ही त्रासाचा शब्द काढला नाही. अट मोडलीय, पाहणी करा, एवढंच. पंधरवड्यात माणूस आला. पोरं गेली, ओल अजून आहे.

खानापूरहून
ताई, पोच घेत होता ना? आमचा अर्ज तीनदा "सापडत नाही" झाला. आता दोन प्रती नेतो आणि आवक नंबर, शिक्का पडल्याशिवाय खिडकी सोडत नाही. आणि 112 ला फोन करताना "भांडण" म्हणू नका, "आवाज" म्हणा. 2000 च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागाला रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45 डेसिबलची मर्यादा आहे.

निपाणी
आमच्या शेजारी पुढच्या खोलीत तंबाखूची पोती. फोडणी घातल्यासारखं सगळं घर शिंकायचं. तक्रार केली नाही, त्यांच्या आईला एकदा चहाला बोलावलं. दोन कप होईस्तोवर म्हातारी आठदा शिंकली. पोती हलली.

वडगाव
लिहू की नको करत होतो. माझ्यावर तक्रार झाली होती. घरात दोन यंत्रमाग. पलीकडच्या काकू मला घेऊन गेल्या आणि त्यांच्या फळीवरचा तांब्या दाखवला, धोटा मारेल तसं पाणी थरथरायचं. मला खरंच ठाऊक नव्हतं, आमच्या कानांना तो आवाज येतच नाही. मागांखाली रबराचे जाड तुकडे घातले, रात्री नऊला बंद करतो. पण बोर्डाची नोटीस आहेच, राहत्या घरात धंदा म्हणून. काकू स्वतः तक्रार मागे घ्यायला गेल्या तर म्हणे, आता फाईल वर गेलीय. अशी फाईल खाली कुणी आणलीय का? कशी, ते जरा सांगा की.