दुबईची किटकॅट खरी, मग फोंड्याची काय मेणबत्ती?

उसगावकर: काल इथे एकाने दुबईहून आलेल्या किटकॅटचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "ही खरी. आपली म्हणजे मेणबत्ती." अहो, ती मेणबत्ती गोव्यात, आमच्या फोंडा तालुक्यात बनते! आणि खरी म्हणजे नेमकी कुठली? 1935 साली इंग्लंडात यॉर्कला राउंट्री कंपनीने काढली तेव्हा तिचं नाव होतं चॉकलेट क्रिस्प. किटकॅट हे नाव 1937 चं. महायुद्धात दूध मिळेना म्हणून बिनदुधाचं चॉकलेट लावून निळ्या कागदात विकली. नेस्लेकडे आली 1988 मध्ये. अमेरिकेत तर आजही हर्शी कंपनी बनवते.

दाबोळी_आगमन: फोटो माझाच. इतिहास पाठ आहे, शाबास. आता पाकिटावरची बारीक अक्षरंही वाचा: 'चोको लेयर'. चॉकलेट नाही. घटकांत वनस्पती तूप. म्हणून ती टाळूला चिकटते.

उसगावकर: लेबल मान्य. पण कोकोचं लोणी 34 अंशांच्या आसपास वितळतं. मे महिन्यात आपल्या गाड्यावर तुमची दुबईवाली ठेवा, चमच्याने खा.

मडगावची_मामी: खरे चोर दुकानदार. आमच्या वाड्यावरचा रात्री बिल वाचवायला फ्रीज बंद करून जातो. सकाळी पुन्हा चालू. वितळून गोठली की वर पांढरं येतं. परवा कागद सोलला तर किटकॅटच्या चारही बोटांना चुना फासल्यासारखा! "खा गो, पीठ आसा," म्हणाला.

पेडण्याचो_भुरगो: मामी, आमच्याकडे तो बंद करत नाही, वीजच बंद असते.

मडगावची_मामी: इन्व्हर्टर घ्यावा मग! आइस्क्रीम तेवढं बरं सांभाळतो.

कुळागर: दुकानदाराला काय बोलता, घरचा फ्रीज बघा. माझा दीर कुवेतहून पिशवीभर चॉकलेट आणायचा. सासूबाई ती पाहुण्यांसाठी म्हणून सुंगटांच्या (कोळंबीच्या) डब्याशेजारी राखून ठेवायच्या. चतुर्थीला पाहुणे आले. पहिल्या घासालाच भावोजींचं तोंड वाकडं. चॉकलेट वास ओढून घेतं, हे त्या दिवशी घरभर कळलं.

दाबोळी_आगमन: विषय चवीचा आहे, तुमच्या सुंगटांचा नव्हे.

कुळागर: गल्फची वस्तू म्हणून नाक वर, त्यावर बोलले तर झोंबलं?

पेडण्याचो_भुरगो: मला विचाराल तर चांदीचा कागद गेला तिथेच मजा गेली. नखाने खाच ओढायची, कागद सरळ फाटायचा, मग कडकन मोडायची. आता हे प्लास्टिक दातांनी फाडा.

दाबोळी_आगमन: बरं, ताजी असेल तर फोंड्याची चालते. फक्त ताजी मिळायला कारखान्याच्या फाटकाशी बिऱ्हाड करावं लागेल.

उसगावकर: या, जागा आहे. येताना दुबईचं पाकीट आणा. कुठे बनली ते मागे छापलेलं असतं.

दाबोळी_आगमन: टाकून दिलं.

मडगावची_मामी: फोटो पण समोरूनच काढलाय म्हणा!