हादगा ते दिवाळी: चार वर्षांच्या मुलाला बोलतं कसं करायचं?

रंकाळाकाठ
मंडळी, मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. सगळं समजतं, पण "ते दे", "तिकडं ठेव" एवढ्यावर भागवतो. वस्तूचं नाव घेत नाही, वाक्य पुरं करत नाही. आता हादगा, दसरा, मग दिवाळीची सुट्टी. चित्रांची कार्डं दाखवून नावं म्हणवून घेण्यापेक्षा या दिवसांत घरात, अंगणात करता येईल असं सांगा. रोज अर्धा तास मिळतो. सहा वर्षांची बहीणही सोबत असते आणि त्याच्या आधी तीच उत्तर देते.

बालवाडीताई
हादग्याची खिरापत ओळखायचा खेळ आधी धरा. फक्त त्याला ओळखायला बसवू नका, लपवायला लावा. ओळखणाऱ्याचं एका शब्दात भागतं. लपवणाऱ्याला पदार्थाचं नाव न घेता त्याच्याबद्दल बोलावं लागतं, आणि तुमच्या मुलाचं अडतंय ते नेमकं तिथंच.

झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आत एकच पदार्थ. आधी त्याला स्वयंपाकघरात नेऊन वास घेऊ द्या, चाखू द्या, डबा कानाशी हलवू द्या. मग तीन खुणा जुळवा: चव कशी, हाताला कसं लागतं, आवाज कसा. लाडू गोड, चिकट, डबा हलवला की धप्प. चुरमुऱ्याचा चिवडा तिखट, कुरकुरीत, खसखस वाजणारा. काकडीची कोशिंबीर आंबट, ओली, आणि आवाज जवळजवळ नाहीच. पहिले दोन दिवस एकच खूण पुरे, तिन्ही एकदम मागू नका.

पोरं बहुतेक वेळा पहिल्याच दमात "लाडू!" सांगून टाकतात. या वयात गुपित पोटात राहत नाही, त्यावर रागावू नका. तयारी करताना तुम्ही स्वतः पदार्थाचं नाव घेऊ नका, नुसती चव आणि स्पर्श बोला. नुकतं कानावर पडलेलं नावच आधी तोंडातून निसटतं.

बहिणीला ओळखणारी करा. तिन्ही खुणा ऐकल्याशिवाय तिनं तोंड उघडायचं नाही, हा नियम. आणि तुम्ही काही विचारलंत तर मनात पाच आकडे मोजून गप्प राहा. मोठ्यांना ती शांतता सोसत नाही, ते मध्येच उत्तर देऊन मोकळे होतात, आणि मुलाच्या ओठावर आलेलं वाक्य तिथंच राहतं.

मळ्याकडचा
ओल्या भुईमुगाच्या शेंगा आता बाजारात आहेत. पाव किलो आणा, मातीसकट मिळाल्या तर उत्तम. धुवा, मीठ घालून उकडा, फोडा, सोला. हात चालू असतानाच क्रियापद कानावर पडू दे: "मी शेंग फोडतो, तू दाणे काढ." एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी अशा वेगळ्या करा.

खरं काम दुसऱ्या दिवशी. चार वाट्या ओळीनं मांडा: मातीची शेंग, उकडलेली शेंग, टरफल, दाणा. वाट्यांकडं बघत त्यानं आजीला सगळं सांगायचं: आधी काय केलं, मग काय, शेवटी काय. समोर वस्तू असली की क्रम सुटत नाही. नुसतं "काल काय केलं रे?" विचारलं तर "शेंगा" एवढंच येतं. दाणे ठेचून द्या. लहानांच्या श्वासनलिकेत अख्खा दाणा अडकतो.

दसऱ्याला आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याही विकायला येतात. दोन्हींची पाच-पाच पानं मिसळून ठेवा. दोन्ही जोडपानं, पण आपट्याचं लहान, जाड, खरखरीत, आणि कांचनाचं मोठं. "हे कशावरून आपट्याचं?" असं विचारा. 'कशावरून' आलं की मुलाला 'कारण' जोडावंच लागतं. "हे कोणतं पान?" विचारलंत तर पुन्हा एकच शब्द.

रंकाळाकाठ
किल्ल्याचं काय? शेवटी सगळं मोठ्यांच्याच हाती जातं. आणि तो "व्हय", "कुठं ठिवू" असं बोलतो, ते सुधारत जायचं का?

गडवाट
किल्ला दोन बाय दोन फुटांचाच ठेवा. मोठा झाला की मोठी माणसं घुसतात. सहा-सात विटा, त्यावर चिखलात भिजवलेलं जुनं पोतं, वर मातीचा लेप. नुसती काळी चिकट माती घेतली तर ऑक्टोबरच्या उन्हात तडे जातात. तीन वाटे मातीत एक वाटा वाळू मिसळा आणि किल्ला सावलीत करा.

मावळे बसवताना तो मुकादम, तुम्ही गडी. त्याचे हात पाठीमागं, बोट दाखवायचं नाही. तो "तिथं ठेव" म्हणाला तर विचारा, "तिथं म्हणजे कुठं?" "बुरजावर" म्हणाला तर मुद्दाम दुसऱ्याच बुरजावर ठेवा, म्हणजे "तो न्हाई, दरवाजाच्या शेजारचा" असं पुरं वाक्य येईल. वर, मागं, मधून, पलीकडं हे शब्द इथं मागूनच घ्यावे लागतात. चिडायला लागला तर दोन मावळे बिनचूक ठेवून द्या आणि मग पुढं चला.

हळीव पेरा. दोन-तीन दिवसांत कोंब येतात. रोज एक वाक्य पुरे: काल काय दिसत होतं, आज काय दिसतंय, उद्या काय होईल. तिन्ही काळ आपोआप येतात. जमलं तर पन्हाळ्यावर तीन दरवाजा आणि अंबरखाना दाखवा. धान्याची एवढी मोठी कोठारं पाहिली की घरच्या किल्ल्यात धान्य कुठं ठेवायचं, यावर पोरं स्वतःहून बोलतात.

बालवाडीताई
"ठिवू" ही चूक नाही, ती घरची बोली आहे. आपल्या कोल्हापूरकडं पोरीसुद्धा "मी जातो" म्हणतात, तेही टोकू नका. मध्येच शब्द सुधारला की मूल सांगायचं होतं ते सोडून देतं. त्याऐवजी वाक्य वाढवून परत द्या: "व्हय, बुरजावर ठिवूया, तोफेच्या मागं." पुस्तकी रूपं रोज एक गोष्ट वाचून दाखवली की कानावर पडतात.

एक गोष्ट मात्र लांबवू नका. बाहेरच्या माणसाला त्याचं बोलणं कळत नसेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर तो वळत नसेल, तर आधी कानांची तपासणी करा. अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिथं वर्षातून दोनदा येतं, सेविकेला तारीख विचारून ठेवा.

मळ्याकडचा
पानं गोळा करायला बाहेर नेताना गुंज, धोतरा, एरंड आणि कण्हेर यांच्या बिया उचलू देऊ नका, त्या विषारी आहेत. गुंजेची लाल-काळी बी तर पोरांना हमखास भुरळ घालते. मोजायला, लपवायला चिंचोकेच घ्या, आणि खेळ संपला की मोजून डब्यात भरा. नाकात, कानात घालायची सवय असेल तर तेही नकोत, सुपाऱ्यांएवढे खडे घ्या.