पोटातल्या बाळाचा बाप तपासायचा म्हणे!

कडक_भाकरी: काल इथं एकानं लिहिलंय, "लग्नाआधी पत्रिका बघतो, मग बाळंतपणाआधी बाप बघायला काय हरकत? बायकोचं दोन थेंब रक्त, नवऱ्याच्या गालात फिरवलेली कापसाची काडी, विषय संपला." वाचून डोकंच फिरलं. 22 वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते, म्हणून सांगते. दोन थेंबांत काही होत नाही, नळ्या भरून रक्त लागतं. आईच्या रक्तात तिच्या स्वतःच्या डीएनएच्या तुकड्यांबरोबर वारेतून, म्हणजे प्लासेंटातून, सुटलेलेही फिरत असतात. दहाव्या आठवड्याच्या आसपास दहा तुकड्यांत साधारण एक बाळाकडचा, अंगानं जाड बाईत त्याहून कमी. आणि विषय संपत नाही हो, तिथून सुरू होतो.

होटगीरोडकर: ताई, ती पोस्ट माझीच. पूर्वी हेच बघायला पोटात सुई घालायचे, गर्भपाताची भीती असायची. आता आईच्या हातातून रक्त, बाळाला धक्का नाही. बाई खरी असेल तर तिचाच फायदा ना? सासूचं तोंड कायमचं बंद.

टॉवेल_चादर: खरी असेल तर?? म्हणजे रिपोर्ट येईपर्यंत ती खोटी. वा रे फायदा.

कोर्ट_कचेरी: भांडायच्या आधी कायदा बघा. 1994 चा गर्भलिंग निदानाचा कायदा, 2003 ला कडक केलेला. गर्भवतीचं रक्त तपासून गर्भाचं निदान करायचं तर कारणांची यादी आहे: गुणसूत्रांचे दोष, रक्ताचे आनुवंशिक आजार, जन्मजात व्यंग वगैरे. 'बाप कोण' हे त्या यादीत नाही. त्याच तुकड्यांतून मुलगा की मुलगी हेही कळतं, विसरू नका. आणि कोर्टाचं म्हणाल तर लग्न टिकून असताना झालेलं मूल नवऱ्याचंच धरतात, पुरावा कायद्याचं जुनं कलम 112, आता नव्या कायद्यात 116. नवरा-बायकोचा संबंध येणंच शक्य नव्हतं, हे त्याला दाखवावं लागतं.

होटगीरोडकर: वकील साहेब, माजी मुख्यमंत्री एन. डी. तिवारींच्या केसमध्ये 2012 ला डीएनएवरूनच बाप ठरला की.

कोर्ट_कचेरी: तिथं बाप ठरवून मागणारा मुलगा तिशी ओलांडलेला होता. पोटातलं बाळ अर्ज करायला येत नाही.

कडक_भाकरी: कलमं राहू द्या, माझ्या डोळ्यांदेखतचं ऐका. सोलापूरच्या पूर्वभागातली विडी वळणारी पोरगी, नवरा चाकणला कंपनीत. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला 13 जानेवारीला आला, आठवड्यानं गेला. 5 मार्चला डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, नऊ आठवडे. त्यानं बोटांवर मागं मोजलं, तर निघाली 1 जानेवारी. "तेव्हा मी चाकणला होतो," म्हणून पोरीला थेट माहेरी सोडून आला. अहो, आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात! गर्भ राहतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे यात्रेतच. मी स्वतः तिच्या सासरी जाऊन कॅलेंडर मांडलं. तपासणी कसली, पाढे आले असते तर पोरगी माहेरी गेली नसती.

लॅबमधला_एक: सोनोग्राफीची तारीखही पाच-सात दिवस इकडंतिकडं असू शकते. आमच्याकडं नवरे येतात नुसत्या आकड्यावर भांडायला, "साडेआठ का लिहिलं, आठ का नाही?"

मोहोळचा_पाटील: हे मात्र पटलं नाही. म्हैस भरवली की त्या दिवसापासून मोजतो आम्ही, दहा महिने दहा दिवस. बायकांचं पंधरा दिवस आधीपासून कशाला?

टॉवेल_चादर: काय बोललालास बे! बायकांची तुलना म्हशीशी?

मोहोळचा_पाटील: म्हशीला कमी समजू नका. माझं घर तिच्यावर चालतं.

कडक_भाकरी: पाटील, म्हशीला डॉक्टर येऊन तारीख लिहून जातो. बाईला तिची पाळीच तेवढी आठवते, म्हणून तिथून.

मोहोळचा_पाटील: मग बायकोला विचारा की कधी ते.

टॉवेल_चादर: तुम्ही विचारलं होतं?

मोहोळचा_पाटील: आमच्या काळात असलं विचारत नव्हते.

लॅबमधला_एक: मूळ मुद्द्यावर या. संशय दिरावर असेल तर ते आधीच सांगावं लागतं. सख्ख्या भावांचा डीएनए बराच जुळतो, साध्या तपासणीत घोळ होऊ शकतो. पोटात जुळी असतील तर आणखी अवघड.

होटगीरोडकर: दीर कुठून आणला मध्येच? ठीक आहे, आठवड्यांचं मान्य, मला माहीत नव्हतं. पण ज्याला खरंच शंका आहे त्यानं नऊ महिने काय करायचं?

कडक_भाकरी: पाय दाबायचे तिचे. सातव्या महिन्यात लई सुजतात.

होटगीरोडकर: बरं. एका मित्राचं विचारतो. पाळीची तारीख 11 लिहिली आहे आणि तो घरी आला 24 ला, तर?

कडक_भाकरी: मित्राला सांगा, चोख जुळतंय.

मोहोळचा_पाटील: माझ्या म्हशीची तारीख चुकली तर चालते, मित्राची नाही होय?