ताशी २ किलोमीटरच्या फरकाने ओव्हरटेक करणारे ट्रक: यामागचं गणित कुणी नीट समजावेल का?

वाटसरू७

मंडळी, रोज मोटरवेवरून कारने जाणं-येणं असतं आणि एक प्रकार बघून बघून डोक्यात बसलाय. दोन लेन आहेत, आतल्या लेनमध्ये ट्रक चाललेत, मध्येच एक ट्रक इंडिकेटर देतो, बाहेर येतो आणि मग पुढच्या ट्रकच्या शेजारी चिकटल्यासारखा चालत राहतो, पुढे जातच नाही. आज मी बरोबर मागे होतो, समोर दोन ट्रेलरची मागची दारं शेजारी शेजारी, एकाची नंबरप्लेट दुसऱ्याच्या वीतभर पुढे, मग हातभर पुढे, मग बऱ्याच वेळाने एक चाक पुढे. मागे आरशात बघितलं तर गाड्यांची ही रांग.

मला चिडून लिहायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय. एक म्हणजे हे ओव्हरटेक व्हायला नेमका किती वेळ लागतो, गणिताने? दुसरं, त्या ड्रायव्हरला यातून मिळतं काय? आणि तिसरं, सगळ्या ट्रकना ९० चा लिमिटर असतो म्हणतात, मग एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा जास्त होतोच कसा?

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, हा माझा आवडता विषय आहे.

ओव्हरटेकमध्ये ट्रक ९० ने चाललाय का ८० ने याला फारसं महत्त्व नाही, महत्त्व आहे दोघांच्या वेगातल्या फरकाला. समजा एक ९० ने आणि दुसरा ८८ ने चाललाय, तर ८८ वाल्याच्या केबिनमध्ये बसून बघितलं तर ९० वाला ट्रक ताशी २ किलोमीटरने सरकतोय, म्हणजे सेकंदाला साधारण ५६ सेंटिमीटर, आपण रमतगमत चालतो त्याच्याही निम्म्याने. आता त्याला या गतीने किती अंतर कापायचंय बघा. युरोपात ट्रॅक्टर (म्हणजे ओढणारा पुढचा केबिनवाला भाग) आणि ट्रेलर मिळून लांबी जास्तीत जास्त साडेसोळा मीटर. स्वतःची साडेसोळा, समोरच्याची साडेसोळा, झाले ३३. शिवाय तो मागे काही अंतर ठेवून होता आणि पुढे जाऊन परत आत शिरतानाही अंतर सोडायला हवं, ते दोन्हीकडे फक्त २५-२५ मीटर धरलं (९० च्या वेगाला २५ मीटर म्हणजे जेमतेम १ सेकंद, हे खरं तर फारच कमी आहे) तरी एकूण ८३ मीटर. ८३ भागिले ०.५५६, म्हणजे जवळपास १५० सेकंद. अडीच मिनिटं. आणि तेवढ्या वेळात तो रस्त्यावर पावणेचार किलोमीटर पुढे गेलेला असतो.

त्यातली शेजारी शेजारी चालायची वेळ फक्त १ मिनिट आहे बरं का, उरलेलं दीड मिनिट आधीचं आणि नंतरचं अंतर कापण्यात जातं. आपल्याला वाटतं की अरे झालं की आता, ये ना आत, पण त्याने तेव्हाच आत घेतलं तर मागच्याच्या नाकासमोर ट्रेलर येईल.

अंतर ५०-५० मीटर ठेवलं तर हेच ४ मिनिटं आणि ६ किलोमीटर होतं. आणि फरक २ ऐवजी १ असला तर सगळं दुप्पट. वेळ म्हणजे अंतर भागिले वेगातला फरक, आणि तो फरक शून्याकडे जायला लागला की वेळ कुठच्या कुठे जातो. फरक १० वरून ९ झाला तर कुणाला कळणारही नाही, २ वरून १ झाला की मागे हॉर्न सुरू होतात.

चाकावरचा

मी स्वतः ट्रेलर चालवतो, बारा वर्षं झाली, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं माझ्याकडून.

लिमिटरचं आधी सांगतो. १९९२ च्या युरोपियन नियमाने १२ टनांवरच्या ट्रकना ९० ला बांधलं, मग २००२ च्या दुरुस्तीने साडेतीन टनांवरच्यांनाही. पण गाडीला रस्ता दिसत नाही, तिला चाकाचे फेरे कळतात. गिअरबॉक्सवरचा सेन्सर फेरे मोजतो आणि टायरचा घेर किती आहे ते वेग आणि वेळ नोंदणाऱ्या मीटरमध्ये आधीच भरलेलं असतं त्यावरून वेग काढतो. आता टायर नवा असताना नक्षी खोल असते, घासून घासून ती १२ मिलिमीटरने कमी झाली समजा. चाकाची त्रिज्या साधारण अर्धा मीटर, त्यातले १२ मिलिमीटर गेले म्हणजे २.४ टक्के. ९० चे २.४ टक्के काढा, २ किलोमीटरच्या वर येतात. मीटरचं कॅलिब्रेशन दर दोन वर्षांनी होतं, मधल्या काळात टायर घासतच असतो. म्हणजे तुमच्यासमोर जे दोन ट्रक अडीच मिनिटं शेजारी चालले होते, त्या दोघांच्याही मीटरवर ९० च दिसत असणार, आणि फरक आहे तो टायरवरच्या बोटभर रबराचा. शिवाय काही मालक डिझेल वाचवायला लिमिटर ८५ वगैरेला लावून घेतात, ते वेगळंच.

आता मिळतं काय. आम्हाला साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, दिवसाला साधारण ९ तास चालवायचं, आणि ते सगळं मीटरमध्ये नोंदलं जातं. ८८ वाल्याच्या मागे साडेचार तास राहिलो तर ९ किलोमीटर मागे पडतो, म्हणजे ६ मिनिटं. तुम्हाला ६ मिनिटं काही वाटणार नाहीत, पण संध्याकाळी पार्किंगमधली शेवटची जागा ६ मिनिटांतच जाते, आणि मग वेळ संपत आलेली, पुढचं पार्किंग लांब, असं झालं की काय होतं ते ज्याने अनुभवलंय त्यालाच कळतं.

हेही प्रामाणिकपणे सांगतो की कधी कधी काहीच मिळत नाही. पुढे आणखी सात-आठ ट्रक ८८ नेच चाललेले असतील तर एकाला मागे टाकून फक्त रांगेतला नंबर बदलतो. मी आधी लांबवर बघतो, पुढे मोकळं असेल तरच बाहेर येतो.

वाटसरू७

टायरचं वाचून थक्क झालो, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एक सांगा, कधी कधी ट्रक जोरात मागून येतो, बाहेर निघतो आणि शेजारी आल्यावर एकदम ढिला पडतो, हे का?

चाकावरचा

पुढच्या ट्रकच्या मागे हवेची आड मिळते, तिथे गाडी हलकी पळते. बाहेर आलो की सगळा वारा अंगावर. सपाट रस्त्याला फरक पडत नाही, इंजिनात ताकद शिल्लक असते, पण बारीकसा जरी चढ असला आणि माल भरलेला असला तर इंजिन आधीच पूर्ण जोरात असतं, मग गाडी दमते आणि तिथेच अडकते. पुढेही जात नाही, आणि मागे सरकावं तर मागची जागा दुसऱ्याने घेतलेली.

आकडेमोड

चढाचं गणित टाकतोच. ४० टनांची गाडी ३ टक्के चढावर ९० ने न्यायची तर नुसतं वजन वर उचलायलाच २९० किलोवॅटच्या वर लागतात, म्हणजे जवळपास ४०० अश्वशक्ती, त्यात वारा आणि टायरचं घर्षण धरलं की ४०० किलोवॅटपर्यंत जातं. बऱ्याच ट्रकचं इंजिन तेवढं नसतं, म्हणून भरलेली गाडी पंचाहत्तरीच्या आसपास येते आणि अर्धी रिकामी गाडी तिथेच ९० ने निघून जाते. तेव्हा फरक १५ च्या आसपास असतो आणि ओव्हरटेक वीस-पंचवीस सेकंदांत होतं. फक्त ते चढ संपायच्या आत उरकायला हवं.

घाईतला

सरळ बंदी घाला ना ट्रकच्या ओव्हरटेकवर. एवढं गणित कशाला?

रांगेचा_अभ्यासक

बंदी काही ठिकाणी असतेच, ठरावीक तासांना किंवा ठरावीक पट्ट्यात. ब्रिटनमध्ये तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरच्या ट्रकना सगळ्यात उजव्या लेनमध्ये यायलाच मनाई आहे. जर्मनीत तर या प्रकाराला हत्तींची शर्यत असाच शब्द आहे, आणि तिथल्या हाम शहरातल्या वरच्या कोर्टाने २००८ मध्ये आकडाच देऊन टाकला: ओव्हरटेक ४५ सेकंदांच्या आत व्हावं, वेगात साधारण १० चा फरक असावा. गुणून बघा, १० चा फरक म्हणजे सेकंदाला २.७८ मीटर, ४५ सेकंदांत १२५ मीटर. दोन ट्रकची लांबी आणि मागेपुढे चाळीस-पन्नास मीटर त्यात बरोबर बसतात, म्हणजे आकडा हवेतून आलेला नाही.

पण मला मागच्या रांगेबद्दल लिहायचंय. समजा ओव्हरटेकच्या लेनमध्ये गाड्या १३० ने येतायत, दर ३ सेकंदाला एक. समोर दोन ट्रकची भिंत ९० ने सरकतेय. आपल्याला वाटतं १५० सेकंदांत ५० गाड्या अडकतील, तसं होत नाही कारण भिंतही पुढे पळतेय. मात्र रांग मागे मागे वाढत जाते आणि येणाऱ्या गाड्यांना लवकर भेटते, तेही धरायला हवं. रांगेत प्रत्येक गाडीला ४० मीटर धरले तर साधारण २४ गाड्या जमतात.

आता गंमत बघा. सगळ्यात पहिला अडकलेला, म्हणजे वाटसरू तुम्ही, तुमचं नुकसान किती? अडीच मिनिटं नाही. त्या वेळात तुम्ही १३० ऐवजी ९० ने गेलात, म्हणजे १६७० मीटर मागे राहिलात, आणि ते १३० ने ४६ सेकंदांचे होतात. शेवटच्याचं जवळपास शून्य. सरासरी २३ सेकंद गुणिले २४ गाड्या, सगळ्यांचे मिळून सव्वानऊ मिनिटं.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. ओव्हरटेकचा वेळ कमी झाला तर अडकणाऱ्या गाड्याही कमी होतात आणि प्रत्येकीचं नुकसानही कमी होतं, दोन्ही एकदम, म्हणजे एकूण नुकसान वेळेच्या वर्गाने कमी होतं. आतल्या ट्रकने, ज्याला मागे टाकलं जातंय त्याने, फक्त ३ किलोमीटरने वेग कमी केला, ८८ चा ८५, तर फरक २ चा ५ होतो. ८३ मीटर मग १ मिनिटात कापले जातात. १५० चे ६० सेकंद, म्हणजे अडीच पट कमी, आणि एकूण नुकसान सव्वासहा पट कमी. सव्वानऊ मिनिटांचं दीड मिनिट.

त्या ट्रकवाल्याचं नुकसान किती? १ मिनिट ३ ने हळू गेला, म्हणजे ५० मीटर मागे पडला. २ सेकंद.

म्हणून घाईतला, बंदीने जे साधायचं ते बऱ्याच वेळा त्या २ सेकंदांत साधतं. आपण सगळे बाहेर आलेल्या ट्रककडे बघून वैतागतो, आणि किल्ली असते आतल्याच्या पायाखाली.

घाईतला

पण गर्दी खूप असेल तर? ट्रकने नुसतं बाहेर यायला सुरुवात केली की मागे ब्रेक, त्याच्या मागे जास्त ब्रेक, शेवटी कुणीतरी थांबतोच.

रांगेचा_अभ्यासक

हो, तिथे तुमचं बरोबर आहे, वर मी मोकळ्या रस्त्याचा हिशोब केला. रस्ता भरत आला की ब्रेकची लाट मागे पळते आणि ट्रक आत जाऊन कधीचे निघून गेले तरी ती शिल्लक राहते. जपानमध्ये युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोग छापला होता, २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या, सगळ्यांना एकाच वेगाने चालवायला सांगितलं, पुढे अडथळा काहीच नाही. तरी थोड्या वेळाने आपोआप कोंडी तयार झाली आणि ती ताशी २० च्या आसपास वेगाने मागे सरकत राहिली. तिथे तर ट्रकही नव्हते. तेव्हा गर्दीच्या तासांपुरती बंदी असेल तर मी तुमच्याच बाजूने आहे.

चाकावरचा

वरचा २ सेकंदांचा हिशोब आमच्या प्रत्येक केबिनमध्ये चिकटवून ठेवावा असा आहे. जुने ड्रायव्हर न शिकवता करायचे हे. शेजारचा ट्रक आपल्या दारापर्यंत आला की क्रूझ कंट्रोल काढायचा, पाय उचलायचा, सपाटीला भरलेली गाडी सात-आठ सेकंदांत ३ किलोमीटरने उतरते, ब्रेकला हात लावायला लागत नाही. डिझेलचंही विशेष जात नाही, पाय उचलल्यावर जे वाचतं तेच परत वेग घेताना लागतं. त्याच्या ट्रेलरचं शेपूट पुरेसं पुढे गेलं की एकदा डिपर मारायचा, म्हणजे त्याला कळतं की आत यायला जागा आहे, कारण त्याला आरशात ते अंतर नीट समजत नाही, रात्री पावसात तर अजिबात नाही. तो आत आला की डावा-उजवा इंडिकेटर देऊन आभार मानतो.

आता क्रूझ लावून पाय मोकळे सोडून बसायची सवय झालीय, काहींच्या लक्षातच येत नाही शेजारी कोण आलंय. आणि काही मुद्दाम सोडत नाहीत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

वाटसरू७

चार दिवसांनी परत लिहितोय. आज असंच दोन ट्रकच्या मागे सापडलो आणि शेजारी बायको होती, तिला मोबाइलवर स्टॉपवॉच लावायला सांगितलं. पहिल्या जोडीला २ मिनिटं ४० सेकंद लागली. आकडेमोड, तुमच्या ८३ मीटरने काढलं तर फरक १.९ चा आला.

दुसऱ्या जोडीला १ मिनिट ५ सेकंद. बाहेरच्याचं मागचं दार आतल्याच्या केबिनच्या पुढे गेलं, मग थोडं अंतर पडलं, आणि आतल्याचे हेडलाइट एकदा लागून विझले. पुढचा आत गेला, डावा इंडिकेटर, उजवा इंडिकेटर. बायकोने विचारलं आता हा परत बाहेर येतोय का, म्हटलं नाही, तो थँक्यू म्हणतोय.