मिरचीची रोपं लांबुडकी होतायत? नळी आणि अंतर बघा

पिवळा सीएफएल दिवा दोन फुटांवर लावलाय आणि मिरचीची रोपं लांबुडकी होऊन आडवी पडतायत, असं एकाने विचारलंय. पिवळ्या उजेडात निळा भाग कमी असतो, देठ ताणतो. पण खरा घात अंतराचा आहे.

४ फुटी, ६५०० केल्विनच्या (निळसर पांढऱ्या उजेडाच्या) दोन नळ्या घ्या. टोकाशी ८६५ छापलेलं असतं, त्यातले ६५ म्हणजेच ६५००. शेंड्यांपासून ५ ते ८ सेंमी वर, साखळीला टांगा. रोप वाढलं की एकेक कडी वर घ्यायची. टायमरवर रोज १४-१६ तास. नळीच्या टोकांकडे उजेड कमी, म्हणून ट्रे दर दोन दिवसांनी फिरवा.

आपल्या नागपूरच्या मे महिन्यात टी८ (जाड नळी) घेऊ नका. तिचा उजेड आजूबाजूचं तापमान २५ अंशांच्या आसपास असताना सर्वाधिक, पुढे उतरतो. २८ वॅटच्या टी५चा (बारीक नळी) ३५ला. मात्र टी५च्या पिना जवळजवळ असतात, जुन्या पट्टीत (नळी बसवायच्या फ्रेममध्ये) बसत नाहीत. इलेक्ट्रॉनिक चोकसकट पूर्ण पट्टीच घ्या. कूलरचा झोत रोपांवर नको. टोकं काळी पडली की नळी पेटत असली तरी बदला. फुटली तर आत पारा असतो: खिडकी उघडा, झाडू न मारता ओल्या कागदाने टिपा.