मानधन, वेतन की भत्ता? आणि ‘स्वयंसेविका’ कोणाला म्हणायचं?

विचारणा: नेपाळमधल्या माता-बाल आरोग्याच्या कामावरचा एका परदेशी संस्थेचा अहवाल मराठीत आणते आहे. गावपातळीवरच्या बायकांसाठी ‘स्वयंसेविका’ आणि त्यांच्या पैशांसाठी ‘मानधन’ लिहिलं. पुढे परदेशातून आलेल्या सल्लागाराचे पैसे आले, तिथेही ‘मानधन’च सुचलं. दोन्हीकडे चालेल का?

प्रतिसाद: सल्लागाराचा दर करारात ठरलेला असतो, तिथे ‘शुल्क’ लिहा. मानधन म्हणजे कामाचं मोल न लावता, मान राखून दिलेली रक्कम. व्याख्याते, परीक्षक यांना देतात ते.

प्रतिसाद: अर्थ बरोबर आहे, पण व्याख्यात्याचं घर त्या पाकिटावर चालत नसतं. आपल्याकडे अंगणवाडी सेविकांना वर्षानुवर्षं ‘मानधन’ मिळतं, आणि ‘मानधन नको, वेतन द्या’ ही घोषणा मोर्च्यांत उगीच होत नाही. वेतन म्हटलं की सुट्टी, निवृत्तिवेतन, ग्रॅच्युइटी मागता येते. मानधन म्हटलं की उपकाराची भाषा सुरू होते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निर्णय दिला, तेव्हा त्यांचं मानधन त्या कायद्यापुरतं वेतनच आहे, हे सांगावं लागलं.

नेपाळबद्दल म्हणाल तर तिथलं अधिकृत नावच ‘महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका’ आहे. १९८८ पासूनची योजना, पन्नास हजारांच्या आसपास बायका. लहान मुलांना वर्षातून दोनदा अ जीवनसत्त्व त्यांच्याच हातून मिळतं. तेव्हा नाव बदलू नका. मात्र त्यांना पगार नाही. प्रशिक्षणाला, मोहिमेला मिळतो तो भत्ता. तिथे ‘मानधन’ लिहिलंत तर ठरावीक रक्कम मिळते असा समज होईल.

मला खरं खुपतं ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मांडलेलं चित्र असं, की आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्यांत सुमारे ७० टक्के स्त्रिया आणि वरिष्ठ पदांवर जेमतेम २५ टक्के. अहवाल लिहिणारा ‘तज्ज्ञ’, डोंगर चढून घरोघरी जाणारी ‘स्वयंसेविका’. त्या बाईला गावातलं कोणतं मूल कुठे राहतं हे पाठ असतं. ते तज्ज्ञपण कुठल्याच रकान्यात बसत नाही.

प्रतिसाद: शब्द बदलून पगार येत नाही, दादा. पाकिस्तानात १९९४ पासून त्यांना ‘लेडी हेल्थ वर्कर’ म्हणतात, म्हणजे नावातच कामगार. तरी सेवेत कायम होण्यासाठी रस्त्यावर आणि न्यायालयात लढावं लागलं.

प्रतिसाद: मान्य, ताई. पण न्यायालयात वाद याच शब्दावर होतो, म्हणून तो जपून लिहायचा.

विचारणा: आभार. पदनाम ‘स्वयंसेविका’च ठेवते, वर्णनात ‘आरोग्य कार्यकर्त्या’ लिहिते. त्यांना ‘भत्ता’, सल्लागाराला ‘शुल्क’. आणि त्या भत्त्याचा आकडा मूळ अहवालात तळटीपेत आहे, तो मुख्य मजकुरात घेता येईल का, हे संस्थेला विचारते.