फ्लूनंतर स्नायूच फुटायला लागले… कोणाला असा अनुभव?

रातराणी:
काल शेजारच्या काकूंना फ्लू झाल्यापासून जिना चढवत नाहीये हे ऐकलं आणि ह्यांचं ते आजारपण जसंच्या तसं आठवलं. आधी ताप खोकला अंगदुखी, सगळं नेहमीचंच. ताप उतरला आणि मांड्या अशा ठणकायला लागल्या की चादर लागली तरी कळवळायचे, पलंगावरून उठवेना, आणि लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टरांनी लगेच सीपीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) करायला लावलं, नॉर्मल साधारण २०० च्या आत असतं, ह्यांचं लाखाच्या वर! ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणाले. स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं ते किडनीला झेपत नाही. सलाईनवर सलाईन, पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून सारखा ईसीजी. डायलिसिस टळलं, देवाची कृपा. तुमच्याकडे कोणाला झालंय का?

उनाड:
बापरे. काळजी घ्या

शमी:
मी लॅबमध्ये आहे. लघवीच्या पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह पण मायक्रोस्कोपखाली लाल पेशी जवळजवळ नाहीतच, असं दिसलं की आम्ही डॉक्टरांना फोनच करतो, ते मायोग्लोबिन असू शकतं.

चिंगीची_आई:
भाच्याला इन्फ्लुएंझा बी झालेला. ताप गेला आणि सकाळी उठला तो चवड्यांवरच चालायला लागला, टाच टेकवली की रडायचा. पोटऱ्या नुसत्या दाबल्या तरी ओरडायचा. लहान मुलांमधलं हे बहुतेक आठवड्याभरात आपोआप बरं होतं म्हणे, फक्त लघवीचा रंग बघत राहा. वहिनी प्रत्येक वेळी बाथरूमच्या दाराशी उभी!

निवांत२:
बाबांना कोविडमध्ये. एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एन्झाइम) वाढलं म्हणून सगळे लिव्हरच्या मागे, सोनोग्राफी पण झाली, पण ते स्नायूंतूनही येतं ना. कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी लगेच थांबवली आणि आयब्युप्रोफेनसारख्या पेनकिलर बंद, किडनीवर ताण नको म्हणून.

मोरपीस:
भावाला प्रत्येक मोठ्या तापात हेच व्हायचं, शेवटी जीन टेस्ट केली, सीपीटी२ ची (चरबीपासून ऊर्जा बनवायला लागणारं एन्झाइम) कमतरता निघाली. आता ताप आला की उपाशी राहायचं नाही, थेट दवाखाना. वारंवार होत असेल तर ही टेस्ट विचारा खरंच

उनाड:
@रातराणी दादा आता चालतात ना नीट? आणि तुझ्या पाठीचं काय झालं

रातराणी:
हो गं, छान चालतात, ताकद यायला महिने गेले पण. पाठ तशीच, रात्री फोन करते. काकूंना आत्ताच घेऊन निघालोय टेस्टला.